पोटातली मानस

॥ श्री बेताळ प्रसन्न ॥

आमोणे, डिचोली
१२ जुलै २०२४

चि. पद्मावतीस,
गुरुदासभाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पोस्टकार्ड काल पोस्टमनने जनेलाच्या गजांतून आत टाकलं, तेव्हा मी पावाचा उंडो चहात बुडवत होतो. वाचता वाचता अर्धा उंडो कपाच्या तळाशी गेला. तू जन्मात चार ओळींच्या वर पत्र लिहिलं नाहीस, पण या वेळी कहर केलास. म्हणे, बायपास शेवटी आपल्याच घरात येऊन ठेपला, दोन वाटा सांगितल्यात, क्षमा कापून टाकायला तयार आहे, जावई मात्र बायपासच बरा म्हणतात, भाई सांगेल तसं करू. बस्स. खाली सही.

अगो पद्मा, हे काय चार ओळींत सांगायचं काम? हमरस्ता रुंद झाला तेव्हा तुमच्या दारच्या पायऱ्या गेल्या, तुळस चार पावलं मागे सरली. तेव्हा मी गप्प बसलो. आता त्याला बायपास हवा, आणि तोही तुझ्या घरातून? आणि तुझी लेक कापायला तयार आहे, ती काय? अंगणातला रसाळ फणस? ज्याच्या सावलीत दर गणेशचवथीला फुगड्या रंगतात, आणि क्षमा मध्ये उतरली की समोरची बाई दमून आपणहून हात सोडते, तो? मी त्या फणसावर एकदा दोन ओळी केल्या होत्या, तुला आठवत नसतील:

फणस उभा दारात, काट्यांचा अंगरखा,
आत गरा मऊ मऊ, माहेरच्यासारखा.

मामलेदाराच्या नावे अर्ज लिहायला घेतलाय. तीन पानं झाली, अजून फणसापर्यंत पोचलो नाही. तुम्ही कुठेही सही करू नका. क्षमेला म्हणावं, कोयता खाली ठेव.

लोभ आहेच; पोस्टकार्डाऐवजी पाकिटात घालून पाठवलास तर अधिक मावेल.

तुझा,
गुरुदासभाई

॥ श्री भगवती प्रसन्न ॥

धारगळ, पेडणे
१७ जुलै २०२४

तीर्थरूप मामांस,
क्षमाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

साष्टांग म्हणजे कागदावरचाच हं. खरोखर खाली गेले तर वर काढायला श्रीनाथ लागतो, आणि तो आत्ता कामावर आहे.

तुमचं पत्र आधी आईने वाचलं, मग मी, मग श्रीनाथने, आणि ब्लाउज न्यायला आलेल्या दोघी बायांनी. त्यातली एक हसता हसता टाचण्यांच्या डबीवर बसली. मामा, अर्ज फाडा. फणसाला कुणी हात लावत नाही. कापायचं आहे ते माझं पोट, आणि बायपास जायचा आहे तोही माझ्या पोटातूनच. आईने पोट हा शब्द तेवढा गाळला. पोस्टमन वाचील म्हणून लाजली, म्हणे.

आता नीट सांगते. जूनमध्ये माझं वजन एकशेअठरा किलो भरलं. साखर वाढली आहे, गुडघे बोलायला लागले आहेत. पथ्यं केली, चालले, पेज पिऊन राहिले. दहा किलो जातात आणि बारा येतात. आणि तुम्ही फुगडीचं लिहिलंत म्हणून सांगते, गेल्या दोन चवथींना मी फुगडीला उतरलेच नाही. भिंतीला टेकून गाणी म्हणते. बाया आग्रह करतात, मी दुकानात काम आहे म्हणून आत जाते. आत जाऊन काही करत नाही, नुसती मशीनपाशी बसते.

म्हणून पणजीला डॉक्टर मनीषांकडे गेले. त्या म्हणाल्या, एवढं वजन आणि सोबत साखर, म्हणजे ऑपरेशनचा विचार करायला हरकत नाही. आधी मी फुग्याचं विचारलं. डिचोलीच्या साईशने, श्रीनाथच्या मावसभावाने, पोटात फुगा ठेवून घेतला होता ना? ते ऑपरेशन नव्हे. सहा महिन्यांनी फुगा काढतात. साईशचं गेलेलं वजन वर्षभरात पाहुण्यांना घेऊन परत आलं. मग राहिल्या दोन वाटा, एक स्लीव्ह आणि दुसरी बायपास. स्लीव्ह म्हणजे बाही. जठराचा मोठा भाग कापून काढतात आणि बाहीसारखी निमुळती नळी ठेवतात. मी वीस वर्षं बाह्या कापते आहे, म्हणून माझा कल तिकडे. तुमचा जावई श्रीनाथ हमरस्त्याच्या कामावरचा माणूस, त्याला बायपास आवडतो.

आईचं म्हणणं एकच. भाईचा होकार स्वतःच्या अक्षरात आल्याशिवाय ती मला इस्पितळाची पायरी चढू देणार नाही. फोन केला असता, पण तुमच्या कानातलं यंत्र शिट्टी घालतं आणि तुम्ही सगळ्याला हो हो म्हणता. त्या होकारावर मला पोट कापून घ्यायचं नाही. म्हणून पत्र.

तुमचा लोभ आहे तेवढा भारी असू द्या. बाकीचं भारी मी कमी करते.

तुमची,
क्षमा

आमोणे
२५ जुलै २०२४

चि. सौ. क्षमास,
मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

अर्ज फाडला. तिसरं पान मात्र ठेवलंय, त्यात भाषा बरी साधली होती.

तुझं नाव बारशाला मी ठेवलं, हे तुला ठाऊक आहे. सगळ्यांना वाटलं, क्षमा म्हणजे माफी. मी मनात हसत होतो. संस्कृतात क्षमा म्हणजे पृथ्वी. सगळं सोसते, सगळ्यांना अंगाखांद्यावर घेते, आणि तरी गरगर फिरत राहते. तुला फुगडीत बघताना मला नेहमी वाटायचं, नाव लागू पडलं. आता तू भिंतीला टेकून गाणी म्हणतेस हे वाचलं आणि चष्मा पुसावा लागला. पृथ्वी थांबून कसं चालेल?

पण होकार इतक्यात मिळायचा नाही. चाळीस वर्षं मास्तरकी केली, उत्तरपत्रिका न बघता गुण कधी दिले नाहीत. तेव्हा प्रश्न असा: स्लीव्ह आणि बायपास, फरक स्पष्ट करा, गुण दहा. पानाच्या मधोमध उभी रेघ मारायची. फायदे लिहिशील तसे धोकेही लिहायचे. डॉक्टरांना विचारून लिही, शेजारणीला विचारून नको.

तीन वर्षं आजोळी राहून माझ्या वर्गात शिकलीस, तेव्हाही फरक स्पष्ट करायला दोनच मुद्दे लिहायचीस आणि तिसऱ्यासाठी कौलांकडे बघत बसायचीस. जेवणाच्या सुट्टीनंतर तोंड मात्र पांढरं असायचं. मी म्हणायचो, रोज एक खडू जातो कुठे? शेवटी तुझ्या फ्रॉकच्या खिशात, बोल्सात, सापडला, दातांच्या खुणांसकट! त्या दिवशी तुला फळ्यापाशी उभं केलं, खडूचोर असं नाव ठेवलं, आणि सगळा वर्ग हसला. तूही हसलीस, असं मला आठवतं. किती साधे दिवस होते! खिडकीबाहेर मांडवीची भरती, आत कवितेचा तास, आणि माझी भाची खडू खातेय.

वेळ हवा तेवढा घे. या परीक्षेला घंटा नाही.

शुभचिंतक आणि परीक्षक,
गुरुदासमामा

धारगळ
३ ऑगस्ट २०२४

ती. मामांस,
साष्टांग नमस्कार (कागदावरचा). वि. वि.

पुन्हा पणजीला जाऊन आले. डॉक्टरांना सांगितलं, मामांनी दहा गुणांचा प्रश्न घातलाय. त्या हसल्या आणि अर्धा तास समजावत बसल्या. रेघ मारली होती, पण मजकूर रेघेत राहिना, म्हणून सरळ लिहिते.

आधी दोन्हींतलं सारखं. दोन्ही दुर्बिणीतून करतात, चार-पाच लहान भोकं पडतात. आतली शिवण दोऱ्याची नव्हे, बारीक पिनांची असते. मी म्हटलं, शिंपीण असून पिनांवर भरवसा ठेवू? त्या म्हणाल्या, ठेवा, पण शिवण गळण्याचा धोका दोन्हींत थोडा असतो. रक्त जाणं, पायात गुठळी होणं, हेही असतं. म्हणून त्याच संध्याकाळी उठवून चालवतात. जीव जाण्याचा धोका अगदी कमी, हजारात एखाद-दुसरा. पण शून्य नाही, आणि शून्य सांगेल त्या डॉक्टरकडे जाऊ नका, असंही बोलल्या. वर काही न करता साखर आणि वजन तसंच वाढू दिलं तर त्यालाही धोका आहेच, तो मात्र कुणी कागदावर लिहून सही घेत नाही.

आता फरक. स्लीव्हला वेळ कमी लागतो, आतड्याला हात लावत नाहीत. पण कापलेलं जठर बाहेरच जातं, ते परत बसवता येत नाही. कापलेल्या कापडाचं तसंच असतं. बायपासात जठराचं वरचं टोक अंड्याएवढं वेगळं करतात आणि आतडं थेट त्याला जोडतात. अन्न मधला रस्ता टाळून जातं. साखरेला ते जास्त मानवतं. पण लोह, कॅल्शियम, बी-ट्वेल्व्ह नीट शोषलं जात नाही, म्हणून गोळ्या जन्मभर आणि रक्ताच्या तपासण्या वेळेवर. गोड जास्त खाल्लं तर घाम, धडधड, चक्कर. गुडघेदुखीच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, जोडावर जखम होते. पुढे कधी आतड्याला पीळ पडू शकतो. आणि स्लीव्हमध्ये काहींना रिफ्लक्स वाढतो. मला तो नाही. फॉर्मवर विचारलं होतं. मला शब्द कळला नाही, तेव्हा श्रीनाथ म्हणाला, गुडघ्यावर हातोडी मारून बघतात तोच असणार. माझा पाय बरा उडतो. म्हणून काही त्रास नाही असं लिहून दिलं.

तेव्हा स्लीव्हच. २६ तारखेला सगळ्या कागदांवर सही करायची आहे. किती गुण?

आणि मामा, खडूचं तुम्ही काढलंत म्हणून सांगते. चोरी नव्हती हो ती. जेवण झालं की छातीत जळजळायचं, खडू चघळला की जरा थंड वाटायचं. आजी म्हणायची, पोरीची पित्तप्रकृती, द्या तिला सोलांचं पाणी. आता खडू सोडला. मशीनच्या खणात गुलाबी गोळ्यांची पट्टी असते, दिवसातून तीन-चार चघळते. पित्त कुणाला नाही? सगळ्या पेडण्याला आहे.

आईने आज पातोळ्या केल्या आहेत. मी दोनच खाल्ल्या. बरं, चार.

आशीर्वाद असावा, आणि त्यात होकार गुंडाळलेला असावा.

तुमची,
क्षमा

आमोणे
८ ऑगस्ट २०२४

चि. क्षमास,
आशीर्वाद. वि. वि. थोडक्यात, महत्त्वाचं आधी.

सही करू नकोस. या वेळी फणसासाठी नव्हे.

तुझं पत्र चारदा वाचलं. मला परका शब्द तसाच ठेववत नाही, ही जुनी खोड. रिफ्लक्सला मराठी शब्द काय, म्हणून मोठा इंग्रजी कोश काढला. झुरळ निघालं, मग शब्द निघाला. रिफ्लक्स म्हणजे उलटा प्रवाह. जे खाली जायचं ते वर येणं. हातोडीचा तो रिफ्लेक्स, पोरी! श्रीनाथला म्हणावं, एका अक्षराने अर्थाचा अनर्थ होतो, हे मी उगाच शिकवत नव्हतो.

कोश मांडीवर तसाच ठेवून मी नदीकडे बघत बसलो. तुला आपली नदीकाठच्या खाजनशेतातली मानस आठवते? बांधातलं ते लाकडी दार. तू आणि मी खेकडे बघायला जायचो तिथे. भरती आली की नदीच त्याला ढकलून मिटवते, ओहोटीला ते उघडतं आणि शेतातलं पाणी बाहेर सोडतं. एका वर्षी फळी कुजली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. वरून शेत हिरवंगार. खारं पाणी मात्र रोज थोडं थोडं आत येत होतं. माझ्या बाबांनी भाताची लोंबी चावून बघितली तेव्हा कळलं.

क्षमा, तुझ्या पोटाच्या वरच्या तोंडाशी असंच एक दार असतं म्हणे. ते गळत असेल तर आंबट पाणी वर येतं आणि छाती जळते. आपण त्याला पित्त म्हणतो, सोलांचं पाणी पितो, गोळी चघळतो आणि विसरतो. फॉर्मवर पित्त असं लिहिलं असतं तर तू हो म्हटलं असतंस. त्यांनी रिफ्लक्स लिहिलं, तू नाही म्हटलंस. आणि तूच आपल्या उत्तरात लिहिलं आहेस, की स्लीव्हमध्ये नेमकं हेच वाढतं.

मी वैद्य नव्हे. निदान माझ्या हाती नाही. पण तू उद्याच डॉक्टर मनीषांना फोन कर आणि खडूपासून गुलाबी गोळ्यांपर्यंत सगळं सांग. लाजू नकोस, हसण्यावारी नेऊ नकोस. सोबत मानशीचं चित्र काढून पाठवतोय. दार जरा तिरकं आलंय, हात कापतो हल्ली.

उत्तराला दहापैकी नऊ. एक गुण तू स्वतःबद्दल चुकीची माहिती दिलीस म्हणून कापला. होकार राखून ठेवला आहे.

वाट बघणारा,
मामा

धारगळ
२२ ऑगस्ट २०२४

ती. मामांस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग मशीनचा खण उघडून रिकाम्या पट्ट्या मोजल्या. मग हसू गेलं. त्याच दिवशी फोन केला.

डॉक्टरांनी लगेच बोलावलं. घशातून दुर्बीण घालून बघितलं. मामा, मानस गळत होती. नुसती गळत नव्हती, जठराचं वरचं टोक आपली जागा सोडून छातीकडे सरकलं होतं, आणि अन्ननलिकेचा खालचा भाग लालभडक सोललेला. त्या म्हणाल्या, या पोटावर स्लीव्ह केली असती तर वजन उतरलं असतं, पण छातीचा जाळ वाढला असता, आणि कदाचित दोन वर्षांनी पुन्हा ऑपरेशन करून बायपासच करावा लागला असता. आता बायपासच करू, आणि सरकलेलं टोक त्याच वेळी जागेवर आणू. थोडं स्वतःवरही चिडल्या. दुर्बीण ऑपरेशनच्या आधी त्या करणारच होत्या, पण पेशंटला त्याच्या भाषेत विचारायला हवं होतं, असं म्हणाल्या. आता फॉर्मवर रिफ्लक्सच्या पुढे पित्त, जळजळ, आंबट ढेकर असं त्या हाताने लिहिणार आहेत. तुमचं चित्र मी दाखवलं. ते त्यांनी ठेवून घेतलं, पेशंटांना समजवायला. दार तिरकं आलं म्हणून तुम्ही खंत करू नका. खऱ्यातही ते तिरकंच होतं.

चिडले ती मी माझ्यावर. दुकानात बाया माप द्यायला येतात आणि टेप कमरेला लावली की श्वास आत ओढून धरतात. मी रोज ओरडते, बाई गे, श्वास सोड, नाहीतर ब्लाउज शिवून होईल पण तू त्यात मावणार नाहीस. आणि डॉक्टरपुढे मी तेच केलं. माप देताना श्वास ओढून उभी राहिले.

श्रीनाथ मात्र अंगणात छाती काढून फिरतोय. म्हणतो, बायपास मीच म्हटलेलं पहिल्यापासून. आईने त्याला विचारलं की हातोडीचं कोण म्हटलं होतं. तेव्हापासून मागच्या दाराने ये-जा करतो.

चवथ आणि दिवाळी झाली की नोव्हेंबरात तारीख आहे. तुमचा होकार आता तरी सोडा.

तुमची,
श्वास सोडलेली क्षमा

आमोणे
२७ ऑगस्ट २०२४

चि. क्षमास आशीर्वाद, आणि चि. पद्माने वाचावं म्हणून मोठ्या अक्षरात:

माझा पूर्ण होकार आहे. कापा आणि जोडा. दहापैकी दहा.

गुरुदास

धारगळ
१२ नोव्हेंबर २०२४

ती. भाईस,
पद्मावतीचा नमस्कार. वि. वि.

चार ओळी म्हणून हसतोस, म्हणून आज पाकीट घेतलं. क्षमाचं ऑपरेशन सहा तारखेस झालं. बरी आहे. आत नेली तेव्हा मी भगवतीस नारळ बोलले, बेताळास बोलले, आणि फणसासही बोलले. तीन तास लागले. मी बाहेर बाकावर तुझं मोठ्या अक्षराचं पत्र मांडीवर घेऊन बसलेली. त्याच संध्याकाळी तिला उठवून चालवली. मी म्हटलं, बाळंतिणीसही इतक्या लवकर उठवत नाहीत.

दिवाळीस घरात पोह्यांचे पाच तऱ्हेचे फोव, आणि ही ऑपरेशनाच्या आधीचं पथ्य म्हणून नुसतं पातळ पिऊन होती. माझ्या घशाखाली फोव उतरले नाहीत. खोटं कशाला, दुधातले थोडे उतरले. आता पेजेची निवळ घेते, दोन-दोन घोट, चमच्याने. एक दिवस घाई केली तर उलटी झाली. मी घाबरले, पण डॉक्टरीण म्हणाली हळू घ्या, आणि मग राहिलं. ताप नाही, शिवण सुकते आहे. आणि भाई, छातीत जळजळ नाही म्हणते. सोलांचं पाणी केलेलं तसंच राहिलं, ते जावयांनी प्यायलं.

तुझी माया अशीच राहो, आणि पुढल्या चवथीस तू ये.

तुझी,
पद्मा

आमोणे
२० नोव्हेंबर २०२४

चि. क्षमास,
मामाचे भरपूर आशीर्वाद. वि. वि.

आईचं पाकीट पोचलं. पद्माने दोन परिच्छेद लिहिले, यावरूनच केवढा आनंद झालाय ते कळलं.

एक गोष्ट मात्र टोचत राहिली आहे. बारा वर्षांची पोर छातीतला जाळ खडूने विझवत होती, आणि मी, तिचा मामा, वर्गापुढे तिला चोर म्हणत होतो. तू हसलीस असं मी लिहिलं. आता डोळे मिटून ती दुपार बघतो तेव्हा मुलं हसताना दिसतात, तुझं तोंड दिसत नाही. माझ्या आठवणींना मीच रंग देतो, ही माझी खोड. क्षमा, क्षमा कर. इथे मात्र पृथ्वी नव्हे, दुसरा अर्थ.

दंड म्हणून एक फुगडीचं गाणं पाठवतोय. तीन ओळी माझ्या, चौथी रिकामी. ती तू लाव, पण बसून नाही, फिरताना. घाई नाही. गोळ्या वेळेवर घे.

मानस माझी मिटली गे,
भरती मागे हटली गे,
धारगळच्या अंगणी,
. . . . . . . . . .

तुझा,
चुकलेला मास्तर

धारगळ
५ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप मामांस,
क्षमाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

या वेळचा खरा आहे. कागद जमिनीवर ठेवला, आमोण्याच्या दिशेला तोंड केलं, नमस्कार घातला, आणि कुणाचाही हात न धरता उठून मग लिहायला बसले. आई दारात उभी राहून बघत होती. आज शिक्षक दिन आहे, म्हणून केलं.

तुमच्याही घरी गणपती, म्हणून तुम्हाला येता आलं नाही. तेव्हा ऐका. तिसऱ्या दिवशी बाया जमल्या. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, फक्त दम लागला तर थांबा म्हणाल्या. मधलं वर्ष सगळंच गोड नव्हतं हो. तीन महिने केस मुठीने गळले, एकदा लग्नात दोन जिलब्या खाल्ल्या आणि घामाघूम होऊन मांडवातच आडवी झाले. गोळ्या आहेत त्या आहेतच. लोह कमी भरलं म्हणून मध्ये सलाईनातून घ्यावं लागलं. पण साखरेची गोळी बंद झाली आहे, आणि गुडघे आता फक्त उभं राहताना कुरकुरतात.

मी भिंतीपाशीच उभी होते, सवयीने. आई आली, माझा हात धरला, आणि पदर खोचून फणसाखाली उतरली. बहात्तर वर्षांची! चार फेरे घेतले आणि मला शेजारणीच्या हातात देऊन बाजूला झाली. मग मी फिरले. मामा, दम लागला, पण संपला नाही. झाड फिरलं, तुळस फिरली, हमरस्त्यावरचे दिवे फिरले. शेजारणीने आपणहून हात सोडले. आणि फिरता फिरताच चौथी ओळ आली:

क्षमा पुन्हा सुटली गे!

सुटली हा शब्द मुद्दाम घातलाय. आधी पोट सुटलं होतं, आता मी सुटले. व्याकरणात बसत नसेल तर गुण कापा.

त्या दुपारचं तुम्ही लिहिलंत. मी हसले नव्हते. घरी येताना बांधावर रडले होते, आणि तुम्ही मला मानशीजवळ खेकडे दाखवायला नेलंत, तेव्हा रडं विसरले. तुम्हाला खेकडे आठवतात आणि रडं नाही. मला दोन्ही आठवतं. त्या बांधावरच्या मानशीवरूनच तुम्ही माझं पोट वाचवलंत, तेव्हा फिटलं.

सोबतच्या पुडक्यात तुमच्यासाठी सदरा आहे. कापड ओळखीचं वाटेल. तो माझा जुना मोतिया झगा आहे, एकशेअठराच्या दिवसांतला. उसवून बघितला तर त्यातून तुमचा अख्खा सदरा निघाला आणि वर आईच्या देवपूजेची पिशवी. माप अंदाजाने घेतलंय. तुम्ही तरी घालताना श्वास ओढून धरू नका.

डाव्या बाजूला बोल्स ठेवला आहे. हात घालून बघा. माझ्या दुकानातला कापडावर आखायचा खडू आहे. पुरा आहे, मोजून घ्या. कुणी चावलेला नाही.

लोभ आहे तेवढाच असू द्या, मामा. तो कमी करायचं ऑपरेशन कुणी काढलं तरी आपण करायचं नाही.

तुमची,
क्षमा